साइड इन्फर्मेशन जुळत नाही तेव्हा: एरर न देता बिघडणाऱ्या फाइलींची तपासणी

फाइल उघडते. एरर येत नाही. तरी समोर जे दिसतं किंवा ऐकू येतं ते मूळ नव्हे, आणि "क्वालिटी कमी ठेवली म्हणून असेल" या उत्तरानेही समाधान होत नाही. हा बिघाड मी इतक्या वेळा निस्तरलाय की कुणी "कोडेक गंडलाय" म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डीकोडरला (फाइल उलगडणाऱ्याला) काय काय ठाऊक आहे, असं एन्कोडरने (फाइल दाबून लहान करणाऱ्याने) गृहीत धरलं होतं? कोडेक म्हणजे या दोघांची जोडी.

लक्षणं

पुढचं वाचून तुमची फाइल कुठे बसते ते आधी बघा. तपासण्यांचा क्रम त्यावरच ठरेल.

रंग थोडे सरकलेत. चेहरे नारिंगीकडे झुकलेत, हिरवा वेगळाच वाटतो. काळा रंग राखाडी दिसतो, किंवा उलट, सावलीतलं सगळं बुजून काळं झालंय.

आवाज उशीखालून आल्यासारखा आहे. शब्द कळतात, पण 'स' आणि 'श' यांची धार गेलीय. कधी स्टिरिओचं मोनो झालंय.

कापलेल्या क्लिपची सुरुवात बिघडलीय: आवाजात क्षणभर शांतता किंवा 'टक', व्हिडिओत राखाडी-हिरवा पडदा. किंवा दोन क्लिप जोडल्यात आणि पहिली ठणठणीत, दुसरी कचरा.

फोटोतले आकार ओळखू येतात, पण सगळं फिक्या राखाडी धुक्यात आहे.

व्हिडिओ दर काही सेकंदांनी स्वच्छ होतो, मग हळूहळू गढूळ, पुन्हा एकदम स्वच्छ. नाडीसारखं.

चित्र उत्तम आहे, पण मध्येच एखादा ठोकळा भलत्याच रंगाचा. शेजाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

एका जागेपर्यंत सगळं बरोबर आणि त्यापुढे नुसता गोंधळ.

शेवटचं लक्षण बिघाडासारखं दिसतही नाही: बिटरेट खाली आणला की गुणवत्ता हळूहळू न उतरता एकदम कोसळते.

चित्र सगळीकडे सारखंच धूसर असेल, रंग बरोबर असतील आणि काळानुसार काही बदलत नसेल, तर बिट्स कमी पडलेत, एवढंच. ही पोस्ट तुमच्या कामाची नाही.

आधी दोन ओळी, नाहीतर पुढचं कळणार नाही

लॉसी कॉम्प्रेशनमध्ये (थोडे तपशील कायमचे सोडून फाइल लहान करण्यात) मुख्य डेटा म्हणजे क्वांटाइझ केलेले, म्हणजे ठरावीक पायऱ्यांवर बसवलेले आकडे. त्यांचा अर्थ लावायला जे लागतं ती साइड इन्फर्मेशन. ती दोन वाटांनी येते. एक, एन्कोडर ती सोबत पाठवतो: क्वांटायझेशन टेबल (पायऱ्या किती मोठ्या ते), मोशन व्हेक्टर (ठोकळा मागच्या फ्रेमपासून किती सरकला ते), रंगाची लेबलं. दोन, ती डीकोडरकडे आधीपासून असते: मागची फ्रेम, शेजारच्या कॅमेऱ्याचं चित्र. पहिल्या वाटेचे बिघाड म्हणजे माहिती हरवली, चुकीची आली किंवा वाचलीच गेली नाही. दुसऱ्या वाटेवर माहिती असते, पण एन्कोडरच्या मनातली आणि डीकोडरच्या हातातली एक नसते. दुसरे बिघाड वाईट, कारण फाइल उघडून पाहिली तर तिच्यात काहीच चूक सापडत नाही.

१. दुसऱ्या डीकोडरने उघडून बघा

फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, आणि निम्मे प्रश्न इथेच सुटतात. वेगळ्या लायब्ररीवर चालणारा प्लेअर घ्या. एकाच इंजिनाचे दोन मुखवटे घेऊन उपयोग नाही. हार्डवेअर डीकोडिंग एकदा चालू आणि एकदा बंद करून बघा. दुसरीकडे नीट दिसलं तर फाइल निर्दोष आहे. आपला डीकोडर काहीतरी वाचत नाही किंवा वगळतोय.

'वगळतोय' हे शब्दशः घ्या. एच.२६४ या व्हिडिओ मानकात ठोकळ्यांच्या कडा मऊ करणारा डीब्लॉकिंग फिल्टर लूपच्या आत असतो. फिल्टर झालेली फ्रेम पुढच्या फ्रेमचा संदर्भ बनते. काही प्लेअरमध्ये वेग वाढवायला हा फिल्टर वगळायची सोय असते. मंद मशिनवर कुणीतरी ती कधीतरी चालू करतो आणि विसरतो. पुढे तोच माणूस नाडीसारख्या गढूळपणाची तक्रार घेऊन येतो. सेटिंग मूळ जागी आणलं की आजार गायब.

याच टप्प्यावर पाठवलेल्या आणि मिळालेल्या फाइलचा हॅश (बाइटांवरून काढलेला ठसा) जुळवा. पाठवणारं ॲप वाटेत स्वतःच पुन्हा कॉम्प्रेस करत असेल तर तुम्ही भलत्याच फाइलची चिकित्सा करत बसाल. मी बसलोय.

२. लेबलं वाचा

एफएफप्रोब किंवा मीडियाइन्फो ही फाइलचा तपशील दाखवणारी साधनं चालवून रंग आणि आवाजाची माहिती छापून घ्या. एकही बिट पुन्हा एन्कोड न करता सुधारता येणारे बिघाड इथे असतात, म्हणून ही तपासणी इतक्या वर.

व्हिडिओत रंग ल्युमा (उजेड) आणि क्रोमा (रंगछटा) अशा रूपात साठवतात. त्यातून लाल-हिरवा-निळा परत काढायचा तर कोणतं मॅट्रिक्स, म्हणजे कोणते गुणक वापरले ते कळावं लागतं. बीटी.६०१ या मानकात ल्युमात हिरव्याचा वाटा ०.५८७, बीटी.७०९ मध्ये ०.७१५२. लेबल नसेल तर बरेच प्लेअर चित्राच्या आकारावरून अंदाज बांधतात: मोठं असेल तर ७०९, लहान असेल तर ६०१. म्हणून मोठा व्हिडिओ नुसता लहान केला, लेबल लावलं नाही, आणि रंग फिरले अशी तक्रार येते. रंग फिरवले कुणीच नाहीत. प्लेअरचा अंदाज तेवढा बदलला.

काळ्या-पांढऱ्याच्या टोकांचंही तसंच. मर्यादित रेंजमध्ये ल्युमा १६ ते २३५, पूर्ण रेंजमध्ये ० ते २५५. मर्यादित फाइल पूर्ण समजून वाचली की काळा राखाडी होतो. उलट झालं की १६ च्या खालचं सगळं एकजात काळं. एच.२६४ साठी ही लेबलं पुन्हा एन्कोड न करता बदलणारा बिटस्ट्रीम फिल्टर (बिटांच्या प्रवाहावर थेट काम करणारं साधन) एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो प्रतीवर वापरा, मूळ फाइलवर नको.

उशीखालचा आवाज असेल तर सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) बघा. एचई-एएसी या आवाजाच्या कोडेकमध्ये वरच्या पट्टीचे सूर जवळजवळ पाठवतच नाहीत. खालच्या पट्टीवरून ते कसे रचायचे याच्या सूचना तेवढ्या पाठवतात. याला स्पेक्ट्रल बँड रेप्लिकेशन म्हणतात. जुन्या डीकोडरला या सूचना समजत नाहीत, पण तो अडतही नाही. मूळ गाभा वाजवून मोकळा होतो. रेट ४४,१०० हवा तिथे २२,०५० दिसला की निदान झालं. स्टिरिओचं मोनो झालं असेल तर पॅरामेट्रिक स्टिरिओच्या (मोनोवरून डावा-उजवा आवाज रचायच्या) सूचनांचं तेच झालंय. फाइल दुरुस्त करायची नाही, डीकोडर बदलायचा.

३. कापताना-जोडताना मागे काय राहिलं?

साइड इन्फर्मेशन बहुधा सुरुवातीला एकदाच लिहिलेली असते. मधून कापलं की ती मागे राहते.

एमपी थ्रीचं उदाहरण मला विशेष आवडतं, कारण तिथे या भागाचं अधिकृत नावच साइड इन्फर्मेशन आहे. स्टिरिओ फ्रेममध्ये हेडरनंतर ३२ बाइट, मोनोत १७. त्यातले पहिले ९ बिट सांगतात की या फ्रेमचा खरा डेटा किती बाइट मागे सुरू होतो. जास्तीत जास्त ५११. म्हणजे फ्रेमचा डेटा आधीच्या फ्रेमांच्या उरलेल्या जागेत ठेवलेला असू शकतो. फ्रेमच्या हद्दीवर अगदी काटेकोर कापलं तरी पहिली फ्रेम ज्या बाइटकडे बोट दाखवते ते आता कापलेल्या तुकड्यात गेलेत. सुरुवातीचा 'टक' तिथून येतो. ४४,१०० च्या रेटला एक फ्रेम साधारण २६ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे एक-दोन फ्रेम गेल्या तर क्षणभरच जाणवतं. उपाय: हवं त्याच्या थोडं आधी कापा, डीकोड करा, मग नको ते टाका.

एच.२६४ मध्ये हेच काम दोन पॅरामीटर संच करतात, एक पूर्ण क्रमासाठी आणि एक चित्रासाठी. एमपी फोर फाइलीत ते सहसा व्हिडिओच्या प्रवाहात नसतात, फाइलच्या वर्णनाच्या भागात असतात. तिथून नुसता प्रवाह उपसून ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये (प्रक्षेपणासाठीच्या फाइल प्रकारात) टाकला तर प्रवाह पूर्ण असूनही निरुपयोगी. एफएफएमपेगमध्ये संच प्रवाहात परत घालणारा फिल्टर आहे. थेट प्रक्षेपण असेल तर प्रत्येक की-फ्रेमसोबत (मागच्या फ्रेमचा आधार न घेणाऱ्या फ्रेमसोबत) संच पुन्हा पाठवा, नाहीतर मध्येच येऊन मिळणाऱ्याला काहीच दिसणार नाही.

जोडलेल्या क्लिपचा घोळ हाच. दोन्ही एच.२६४, दोन्हींचा आकार सारखा, म्हणून पुन्हा एन्कोड न करता चिकटवल्या. पण एन्कोडरच्या सेटिंग वेगळ्या होत्या, फाइलच्या वर्णनात पहिलीचा संच राहिला, आणि दुसरीचे बिट त्या संचाने वाचले गेले. मला एकदा अशी चाळीसेक क्लिपांची माळ मिळाली होती. सुरुवातीची एक नीट, बाकी सगळी रांगोळी विस्कटल्यासारखी. क्लिप सुट्या होत्या म्हणून वाचलो: सगळ्यांचे संच काढून शेजारी ठेवले आणि फरक उघड्यावर आला.

४. टेबल आहे, पण याच फाइलचं आहे का?

फिक्या राखाडी धुक्याची ही जागा. जेपेग फाइलीत क्वांटायझेशन टेबल एफएफ-डीबी या खुणेनंतर येतं: ६४ आकडे, नागमोडी क्रमाने. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या साधनात) उघडून ही खूण शोधा. तेवढ्याने भागतं.

टेबल चुकलं तर काय होतं ते एका ठोकळ्यावर बघू. जेपेग मानकाच्या परिशिष्टातल्या नमुना ल्युमा टेबलचा पहिला आकडा १६ आहे. समजा ठोकळ्याच्या सरासरी उजेडाचा क्वांटाइझ झालेला आकडा १२. डीकोडर १२ गुणिले १६ करतो, १९२. आठ बाय आठच्या ठोकळ्यात याला ८ ने भागायचं, २४. मधल्या १२८ मध्ये मिळवले की उजेड १५२. आता हीच फाइल ९० क्वालिटीच्या टेबलने वाचली, जिथे सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या हिशेबात पहिला आकडा १६ ऐवजी ३ येतो. १२ गुणिले ३, ३६. भागिले ८, साडेचार. उजेड १३२ च्या आसपास. चित्रातला प्रत्येक ठोकळा असा १२८ कडे ओढला जातो. आकार शिल्लक राहतात, कारण कोणता आकडा मोठा आणि कोणता लहान हे अजून बरोबर आहे. उरतं ते धुकं.

हे घडतं कुठे? तुटलेल्या फाइलीला दुसऱ्या फाइलीचं डोकं, म्हणजे टेबलं असलेला सुरुवातीचा भाग, लावून 'वाचवताना'. ती युक्ती खरी आहे आणि मीही वापरतो, पण डोकं त्याच उपकरणाच्या, त्याच क्वालिटी सेटिंगच्या फाइलचं हवं. दुसरी जागा मोशन जेपेग, म्हणजे प्रत्येक फ्रेम सुटी जेपेग असलेला व्हिडिओ. तिथे हफमन टेबल (कोणत्या आकड्याचे बिट कोणते ते सांगणारं) वगळायची पद्धत आहे, डीकोडरने नमुना टेबल धरायचं असतं. अशा व्हिडिओतून फ्रेम सुटी काढून साधी जेपेग म्हणून सेव्ह केली की कडक डीकोडर ती नाकारतो. एफएफ-सी४ ही खूण सापडत नसेल तर टेबल घालून द्या. यालाही तयार फिल्टर आहे.

५. नाडी: पहिली वेगळी फ्रेम शोधा

इथून पुढे एन्कोडर तुमच्या ताब्यात हवा. नसेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

प्रत्येक फ्रेमचा पीएसएनआर (मूळ चित्राशी जवळीक मोजणारा आकडा) काढून आलेख बघा. करवतीचे दात दिसले (की-फ्रेमला वर, मग हळूहळू खाली, पुन्हा वर) तर दोन्ही बाजूंच्या संदर्भ फ्रेम वेगळ्या आहेत. एन्कोडरने स्वतःपुरती बनवलेली पुनर्रचित फ्रेम आणि डीकोडरची फ्रेम दोन्ही डिस्कवर लिहा आणि बाइट-बाइट ताडा. शेवटची बिघडलेली फ्रेम बघू नका, तिथे सगळंच चुकलेलं असतं. जिथे पहिल्यांदा एका पिक्सेलचा फरक पडला ती फ्रेम आणि तो ठोकळा पकडा. कारण जवळजवळ नेहमी त्या ठोकळ्यातच बसलेलं असतं.

स्वतः लिहिलेला कोडेक असेल तर मी एक चूक डोळे मिटून शोधतो: भाकीत (मागच्यावरून पुढच्याचा अंदाज) मूळ फ्रेमवरून केलंय. आकड्यांत बघा. मूळ आकडे १००, १०३, १०६, १०९, ११२. फरक ५ च्या पायरीने क्वांटाइझ करायचे. मूळ आकड्यांवरून फरक काढला तर दरवेळी ३ येतो, तो ५ होतो. डीकोडरकडे १००, १०५, ११०, ११५, १२०. चूक २, ४, ६, ८, वाढतच जाते. आता एन्कोडरने डीकोडरकडे जे असेल त्यावरूनच भाकीत करू दे. १०३ चा फरक ३, होतो ५, पुनर्रचना १०५. १०६ आणि १०५ मध्ये १, होतो ०, पुनर्रचना १०५. १०९ आणि १०५ मध्ये ४, होतो ५, पुनर्रचना ११०. ११२ आणि ११० मध्ये २, होतो ०, पुनर्रचना ११०. चूक २ च्या वर कधीच गेली नाही. पायरी तीच. बदल एकच: जे डीकोडरकडे नाही ते एन्कोडरने वापरायचं नाही.

दुसरं कारण गणिताचं. जुन्या मानकांत व्यस्त कोसाइन रूपांतर (ठोकळ्याचे आकडे परत पिक्सेलमध्ये आणणारं गणित) ठरावीक अचूकतेपर्यंत कसंही करायची मुभा होती. दोन डीकोडर दोघेही नियमात बसणारे आणि तरी शेवटच्या अंकात वेगळे. हा कचरा साचू नये म्हणून एच.२६१ आणि एच.२६३ मध्ये प्रत्येक मॅक्रोब्लॉक (१६ बाय १६ पिक्सेलचा ठोकळा) १३२ वेळा पाठवण्यात निदान एकदा तरी स्वतंत्र, म्हणजे मागच्या फ्रेमचा आधार न घेता पाठवायची अट होती. २००३ च्या एच.२६४ ने रूपांतरच पूर्णांकांत बांधलं आणि प्रश्न मुळातून काढला. त्यामुळे एच.२६४ मध्ये करवतीचे दात दिसले तर अचूकतेवर ढकलू नका. डीकोडर चुकतोय, संदर्भ फ्रेम वाटेत हरवलीय किंवा फिल्टर वगळलाय.

६. साइड इन्फर्मेशन फक्त डीकोडरकडे असेल तर

सुटे, भलतेच रंगलेले ठोकळे बहुधा या प्रकारच्या रचनेत मिळतात: अनेक कॅमेरे, सेन्सर, किंवा हलका एन्कोडर आणि सगळी मेहनत डीकोडरवर. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवलाय.

पाया जुना आहे. स्लेपियन आणि वुल्फ यांनी १९७३ मध्ये लॉसलेससाठी (काहीच न गमावणाऱ्या कॉम्प्रेशनसाठी) दाखवलं, वायनर आणि झिव यांनी १९७६ मध्ये लॉसीसाठी: साइड इन्फर्मेशन फक्त डीकोडरला दिसत असली तरी तिचा फायदा घेता येतो. गाउसियन सिग्नल (घंटेच्या आकाराच्या वितरणाचा) आणि वर्गचूक मोजमाप (चुकांच्या वर्गांची सरासरी) असेल तर एन्कोडरला ती न दिसल्याने तोटा शून्य. झमीर यांनी १९९६ मध्ये सिद्ध केलं की वर्गचुकीच्या मापाने कोणत्याही स्रोताला हा तोटा सॅम्पलमागे अर्ध्या बिटापेक्षा जास्त नसतो. हे वाचून लोक हुरळतात. पण यात एक अट आहे: दोन्ही सिग्नलचा संबंध किती घट्ट आहे हे आधी माहीत असलं पाहिजे. प्रत्यक्षात सगळं तिथेच फसतं.

छोटं उदाहरण. एन्कोडरकडे आकडा २१. पूर्ण पाठवायचा तर आठ बिट. त्याऐवजी ४ ने भागून उरलेली बाकी पाठवू, म्हणजे १, दोन बिटांत. डीकोडरपुढे उमेदवार १७, २१, २५. त्याच्याकडची साइड इन्फर्मेशन म्हणते "साधारण २२.३". सर्वांत जवळचा २१. बरोबर. आता साइड इन्फर्मेशन थोडी बिघडली, २३.४ झाली. २१ चं अंतर २.४, २५ चं १.६. डीकोडर २५ निवडतो, आणि अगदी आत्मविश्वासाने. साइड इन्फर्मेशन १.१ ने सरकली, उत्तर ४ ने उडालं. तो भलता ठोकळा असा येतो. चूक हळूहळू वाढत नाही, उंबरठ्यापर्यंत शून्य असते आणि मग उडी मारते.

यातून निदानाची सोपी खूण मिळते. क्वांटाइझ झालेल्या आकड्यांतल्या चुकांचा हिस्टोग्राम काढा. शून्यावर मोठा खांब आणि नेमका ±४, ±८ वर छोटे खांब (म्हणजे तुमच्या भाजकाच्या पटीत) असतील तर रचना बरोबर आहे, साइड इन्फर्मेशन अपेक्षेपेक्षा वाईट निघतेय. चुका सगळीकडे पसरलेल्या असतील तर बिघाड दुसरीकडे आहे. पाचव्या तपासणीकडे परत जा.

खांब दिसले तर चूक ठोकळानिहाय मोजा. सरासरी बघू नका, ती फसवते. स्थिर पार्श्वभूमीत दोन्ही चित्रं जवळजवळ एकच असतात आणि सरासरी छान येते. हलणाऱ्या हाताच्या कडेला संबंध तुटलेला असतो, आणि भलते ठोकळे नेमके तिथेच दिसतात. ढोबळ हिशेब असा: साइड इन्फर्मेशन हाती असताना उरलेली अनिश्चितता, म्हणजे व्हेरिअन्स, चौपट झाली तर तेवढ्याच गुणवत्तेसाठी सॅम्पलमागे एक बिट जास्त लागतो. वरच्या उदाहरणात ४ ऐवजी ८ ने भागा: उमेदवार १३, २१, २९, बाकी ५, आणि २३.४ असली तरी उत्तर २१. किंमत एक बिट.

तो बिट सगळीकडे खर्च करू नका. ठोकळ्यागणिक छोटा सीआरसी (पडताळणीचा आकडा) पाठवा, म्हणजे आपण चुकलोय हे डीकोडरला निदान कळेल. परतीचा मार्ग असेल तर त्याला जास्त बिट मागू द्या, पण उशीर वाढेल. नसेल तर ज्या ठोकळ्यांचा भरवसा नाही ते साइड इन्फर्मेशनशिवाय, साधेपणाने पाठवा. साइड इन्फर्मेशन कधी असेल आणि कधी नसेलच, अशी परिस्थिती हीगार्ड आणि बर्गर यांनी मिळून १९८५ मध्ये हाताळलीय. व्यवहारात तिचं रूप दोन थरांचं: खालचा थर एकट्याने उघडणारा, वरचा साइड इन्फर्मेशनवर टेकलेला. कॅमेरा बंद पडू शकतो अशा जागी मी याच्याशिवाय काही बसवत नाही.

७. न्यूरल कोडेक: एका जागेपुढे कचरा

न्यूरल कोडेकमध्ये दाबायचं काम शिकवलेलं नेटवर्क करतं. त्यांच्या २०१८ पासून रुळलेल्या हायपरप्रायर पद्धतीत मुख्य आकड्यांचा पसारा किती, हे सांगणारा छोटा प्रवाह आधी जातो. त्यावरून नेटवर्क संभाव्यता काढतं आणि अंकगणिती डीकोडर (संभाव्यतेच्या आधारे बिटांतून आकडे उलगडणारा) त्या वापरतो. त्याला दोन्ही बाजूंना तंतोतंत तीच संभाव्यता लागते. एन्कोडिंग जीपीयूवर, डीकोडिंग सीपीयूवर, दशांशातल्या कुठल्यातरी बेरजेचा क्रम वेगळा, गोलाई (राउंडिंग) उलटीकडे गेली, आणि त्या चिन्हापुढचं सगळं वाया. दोन्ही कामं एकाच मशिनवर, एकाच लायब्ररीच्या आवृत्तीवर करून बघा. बिघाड गेला तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणजे संभाव्यता काढणारा भाग पूर्णांकांत चालवणं.

८. बिघाड नाही, पण साइड इन्फर्मेशनच जागा खाते

कमी बिटरेटला कोसळणाऱ्यांसाठी. १२८ केबीपीएस स्टिरिओ एमपी थ्रीत फ्रेम साधारण ४१७ बाइटची. हेडर आणि साइड इन्फर्मेशन मिळून ३६, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आत. ३२ केबीपीएस मोनोत फ्रेम १०४ बाइटची, त्यातले २१ याच कामाचे: पाचवा हिस्सा. पगार कमी झाला तरी घरभाडं तेवढंच. व्हिडिओतही तसंच. एच.२६४ मध्ये एका मॅक्रोब्लॉकचे १६ तुकडे करून १६ मोशन व्हेक्टर पाठवता येतात, पण बिट मोजके असतील तर त्यांची किंमत उरलेल्या फरकापेक्षा जास्त होते. एन्कोडरचा व्हेक्टर आणि फरक यांचा वेगवेगळा हिशेब छापा. व्हेक्टर निम्म्याच्या वर गेले असतील तर ठोकळे मोठे करा किंवा चित्र लहान करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फाइलची एकच प्रत असेल आणि टेबल किंवा पॅरामीटर संच हरवला असेल, त्याच उपकरणाची दुसरी फाइलही नसेल, तर अंदाजाने आकडे भरत बसू नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

वैद्यकीय चित्र किंवा पुरावा म्हणून वापरली जाणारी फाइल असेल तर पहिल्या तपासणीच्या पुढे जाऊच नका. लेबल बदलणंही छेडछाड ठरू शकतं.

हार्डवेअर डीकोडर चुकतोय असं पाचव्या तपासणीत निघालं तर ते चिपच्या आत आहे. मानकांसोबत चाचणीचे प्रवाह मिळतात. ते चालवून निकाल उत्पादकाच्या अभियंत्यांना द्या आणि तोवर सॉफ्टवेअर डीकोडिंगवर राहा.

सहाव्या तपासणीत भाजक दुप्पट करूनही खांब राहिले तर दोन सिग्नलमधल्या संबंधाचं प्रतिमानच चुकीचं आहे. ते सिग्नल प्रोसेसिंगमधल्या माणसाचं काम आहे. आकडे ढकलून ते सुटत नाही. मी तीन आठवडे ढकलून पाहिलेत.

बोलावताना सोबत एवढं द्या: हात न लावलेली फाइल आणि तिचा हॅश, एन्कोडर-डीकोडरच्या आवृत्त्या, वापरलेली पूर्ण कमांड, आणि पहिल्या चुकीच्या फ्रेमचा क्रमांक. स्क्रीनचा फोनवरून काढलेला व्हिडिओ पाठवू नका. त्यात फोनच्या कोडेकचे बिघाड मिसळतात आणि पहिला तास ते वेगळे करण्यात जातो.